मानस

पोस्टाच्या आरडीची पुस्तकं घेऊन
सव्वीस वर्षं चोडणच्या वाड्यावाड्यांतून फिरले.
कुठल्या घरात किती शिल्लक
आणि कुठल्या घरात नुसतंच पुस्तक,
मला ठाऊक.
म्हणूनच बहुधा वही माझ्याकडे दिली.

वही शाळेची, दोनशे पानी.
वर सुलक्षाच्या मुलीचं गोल अक्षर:
गोव्याला स्वतःची सरकारी बँक हवी, लोकांची.
खाली नाव, वाडा, सही.
पहिल्या दिवशी नऊ सह्या झाल्या,
त्यातल्या दोन माझ्याच घरच्या.

समजावताना जीभ अडखळायची.
ठेवी, भांडवल, पतपुरवठा,
कापडाच्या दुकानातल्या बाहुल्यांसारखे शब्द,
नटलेले आणि बिनडोक्याचे.
कुमुदिनी म्हांबरे ऐकत होती, तिचं शेत खाजनात.
म्हणाली, अगे, मानस सांग ना त्यांना.

तेव्हापासून मानस सांगते.
भरतीला खाडी शेतात घुसू बघते, फळी मिटते.
ओहोटीला उघडते.
बांध गावाचा, फळी गावाची,
काय आत, काय बाहेर, गाव ठरवतं.
आणि आपला पैसा?
आपले कर, मस्कतहून आलेला नवऱ्याचा पगार,
जहाजावरच्या पोराचे डॉलर
सगळं ओहोटीला लागतं,
लांबच्या कुठल्या शहरात कुणाचा टॉवर चढतो
आणि इथं कुमुदिनीला पंपासाठी तीस हजार हवे असतात
तर मॅनेजर विचारतो, तारण काय?

सह्या वाढल्या. दीडशे. दोनशे चाळीस.
मीही जरा फुगले असेन.

सकाळच्या फेरीबोटीत
एस्पेरान्सा मिनेझिस तिसऱ्यांच्या टोपलीशेजारी उकिडवी बसलेली.
सगळं ऐकून घेतलं तिनं.
मग म्हणाली, मानस फोडली कोणी, ते का नाही सांगत?

लिलावात घेतलेल्यानं रात्रीची फळी वर बांधली होती,
सुंगटांसाठी.
खारं पाणी आलं, तीन वर्षं भात नाही.
तो परका नव्हता. आपल्याच वाड्यावरचा.
पतसंस्थेचा चेअरमनही आपलाच होता,
माझे अठरा हजार त्याच्या पोटात.
चावी कोणाकडे, ते आधी लिही.

इंजिन धडधडत होतं.
रायबंदरचा धक्का आला, ती टोपली घेऊन उतरली,
आणि आम्ही दोघी वहीकडे बघत राहिलो.

पौषात, धालोंच्या मांडावर,
फुगड्या आटपल्या तरी अकराजणी घरी गेल्या नाहीत.
चावीवरून भांडलो.
संचालकांत निम्म्या बायका.
दर तीन महिन्यांनी हिशेब ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचा,
छापून चिकटवायचा नाही, वाचायचा.
मंत्र्याच्या भाच्याला कर्ज नाही,
हे कुणीतरी हसत म्हटलं,
सुलक्षाच्या मुलीनं न हसता लिहून घेतलं.

नवी वही. पुन्हा तीच सगळी दारं.
आदली सही चालणार नाही, मजकूर बदललाय,
हे सांगताना काहींनी कपाळाला हात लावला,
काहींनी चहा टाकला.

पर्वरीला आम्ही सातजणी गेलो, आठवी एस्पेरान्सा.
सही न केलेली.
कारकुनानं वही चाळली, निळा शिक्का मारला, आवक क्रमांक दिला,
वहीची प्रत कपाटात ठेवली.
तिनं विचारलं,
ह्या कपाटाची चावी कोणाकडे असते?
तो हसला.
मग ड्रॉवर उघडून हातानं चाचपडू लागला.

उत्तर अजून आलेलं नाही.
परतीच्या फेरीत अंधार होता, पणजीकडे कसिनोंचे दिवे
पाण्यात लांबच लांब पडलेले,
त्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.

एस्पेरान्साची सही अजून कोरी आहे.
मूळ वही मात्र तिच्याच घरी असते,
तांदळाच्या पिंपावर, प्लास्टिकात गुंडाळून.
ते कुणी ठरवलं, आठवत नाही.
धक्क्यावर भेटली की मी विचारते, वही?
ती टोपली डोक्यावर चढवत म्हणते,
सुकी आहे.