मुका खांब

आधी पाच साखळ्या.
शेवटची पहिलीत अडकवायची, की गोल होतो.
गोल म्हणजे काय, मधे एक भोक
आणि भोकाला धरून बसलेलं सूत.
शकुबाई हेडाऊनं एवढंच शिकवलं
गोळीबार चौकातल्या तिच्या ओट्यावर.
बाकीचं म्हणाली, हाताला येते आपोआप.
आलं नाही. तीनदा उसवलं.

सूत इतवारीतलं, पांढरं, चार पदरी.
दुकानदारानं विचारलं, रुमाल करता की तोरण?
म्हटलं, कांदा ठेवायला.
त्यानं वजनकाट्यावरची नजर उचलली नाही,
ऐकू गेलं नसेल.
किंवा त्याचंही कोणी उभं असेल
उन्हात.

माझी पोरगी व्हरायटी चौकात उभी असते,
सिग्नल बंद पडला की सिग्नलच्या जागी.
छातीवर पट्टी: मोनाली निखारे.
साहेब म्हणतात, आडनावच निखारे,
हिला काय ऊन लागणार!
सगळे हसतात. तीही हसते,
घरी येऊन सांगते,
आणि न्हाणीत जाऊन अर्धा तास
डोक्यावर पाणी ओतत राहते.
पाणीही गरमच. टाकी गच्चीवर आहे.

पारा सेहेचाळीस. दुपारी लाइट गेली,
कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं,
वाळ्याचा वास तेवढा मागे राहिला.
मी दारात सरकले उजेडासाठी.
मुका खांब घालायचा होता तळाला.
तो बुटका असतो.
सुई खुपसा, सूत ओढा, दोन्ही फासांतून एकदम काढा.
बोलत नाही, डोलत नाही,
शेजारच्याला चिकटून उभा राहतो.
छत्तीस मुके खांब, आणि मग
वर उंच खांब, मधे दोन दोन साखळ्यांची खिडकी.

हे पलंगावरून बघत होते.
यांनी तीस वर्षं हातमाग चालवला,
पाय खड्ड्यात, हात धोट्यावर.
तो खड्डा बुजवून आता तिथे फ्रिज आहे.
म्हणाले, ही काय वीण झाली?
भोकंच भोकं. एक टोक ओढलं की खतम.
मी म्हटलं, कांद्याला वारा लागतो.
तर गप्प बसले.
थोड्या वेळानं उठले, गुंडी हातात घेतली
आणि मला लागेल तसं सूत सोडत बसले,
न तुटू देता, न ढिलं पडू देता.

तिसऱ्या दिवशी पिशवी झाली.
मुठीएवढी. तोंडाला नाडी.
आत एक कांदा, लाल, घट्ट,
टोपलीतून निवडून काढलेला.

"माय, मी काय भाजीवाली हाय का?
लोकं हसतीन नं!"
"खिशात कोण पाहते?"
"वास येते."
"मंग येऊ दे."
गाडीला किक मारताना
तिनं ती खिशात कोंबली. मी पाहिलं.

संध्याकाळी पिशवी परत आली,
रिकामी.
माझ्या पोटात धस्स झालं.
कांदा जळाला? मऊ पडला? फेकला?
उन्हानं एवढा ओढून घेतला?
"खाल्ला," ती म्हणाली बूट काढता काढता.
"डब्यात झुणका होता, तोंडी लावाले काही नव्हतं.
मी, झाडे मॅडम अन् तो रसवंतीवाला.
बुक्कीनं फोडला. मस्त होता."

म्हणजे बारापासून पुढे
पोरगी कांद्याशिवाय उभी होती.
काहीच झालं नाही तिला.
हे हसले. मी नाही हसले.
पिशवी नाकाशी धरली:
कांदा, घाम, पेट्रोल,
आणि कुठेतरी खाली अजून नवीन सुताचा वास.

रात्री लाइट होती.
नाडी काढली, टोक शोधलं,
ओढलं. खिडक्या एकामागून एक सुटत गेल्या,
खांब आडवे झाले,
हे म्हणाले, बघ, म्हटलं नव्हतं?
तळाच्या मुक्या खांबांपाशी थांबले.
तिथून पुन्हा, दर सहाव्या खांबात दोन,
वाढवत.

दोन कांदे मावले पाहिजेत.
एक उन्हासाठी,
एक झुणक्यासाठी.
आणि तो उन्हाचा कुठला,
ते तिला सांगायचं राहिलं तर
दोन्ही खाऊन येईल.