चौथा हिस्सा उरेपर्यंत

मार्चची अठ्ठावीस. सबनीस सरांच्या ऑफिसातून
जेवणाच्या सुट्टीत निघून मी रविवार पेठेत पोचले
तेव्हा एक वाजून चार मिनिटं झाली होती
आणि मुथा काका शटरला हात घालून उभे.
मुथा. आपल्या नदीसारखंच, पण ठ नाही, थ.
"चारनंतर," म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं
आणि शटर कमरेइतकंच खाली राहिलं.

"कुणासाठी?"
आईसाठी, मी म्हटलं.
आई मिरजेत. नऊला घोरते.
"झोप कधी गेली?"
गेली म्हणाले, जशी काही भांडून माहेरी गेलीय.
जानेवारीत, मी म्हटलं. जीएसटीची नोटीस आली, त्या आठवड्यात.
"आईंना?"
मी बरण्यांकडे बघत राहिले.
त्यांनी वाकून डबा शोधला.

आतापर्यंत सगळ्यांनी मला काही ना काही पाजलंय.
हर्डीकर वहिनींनी जायफळ, दुधात, सहाणेवर मोजून सात वेढे;
आठव्याने म्हणे माणूस दुपारपर्यंत उठत नाही.
ऑफिसातल्या इरफानने सब्जा घातलेलं गुलाबाचं सरबत.
वॉचमन ढवळ्यांनी पिशवीभर गवती चहा,
जो आमच्या कंपाउंडलाच उगवतो आणि ज्यावर
तळमजल्यावरचा कुत्रा रोज सकाळी... जाऊ दे.
मी सगळं प्यायले.
कोकम प्यायले, धन्याचं पाणी प्यायले,
आणि पावणेतीनला छताकडे बघत
कुणाकुणाचे ताळेबंद जुळवत पडले.

जटामांसी म्हणजे गुंतवळ.
कुणाच्या तरी फणीतून काढून ठेवल्यासारखी,
वास बंद ट्रंकेचा.
शंखपुष्पी, नाव एवढं थोरलं, दिसायला गवत.
ब्राह्मीचा चुरा.
पितळी पारडं हललं, थांबलं, पुन्हा जरासं हललं.
ते स्थिर होईतो काका बोलले नाहीत
आणि मागून स्कूटरवाला ओरडत होता तरी
मीही नाही.

"चार कप पाणी. बारीक गॅस. चौथा हिस्सा उरेपर्यंत.
झाकण नाही ठेवायचं. आणि समोर उभं राहायचं."
उभं?
"फोन न घेता. अर्धं औषध तेच."
एकशे चाळीस रुपये.
वाळ्याची जुडी वर टाकली. माठात सोडा म्हणाले.
आईंच्या.

रात्री धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर,
मी उभी आहे.
फोन आतल्या खोलीत, उशीखाली, गुरगुरतोय.
काय करायचं उभं राहून?
हातात पुडीचा कागद. उलगडला तर
वहीचं पान, लाल समासाचं, कुणाच्या तरी लग्नाचं:
वाजंत्री दीडशे. केळीची पानं. बर्फ.
अण्णांना परत, चाळीस.
नवरदेवाचे बूट, दुसऱ्यांदा, पंच्याऐंशी.
खाली बेरीज, दोनदा गिरवलेली.

सवयीने मी ती करून पाहिली.
सात रुपये कमी.
पुन्हा केली. वरून खाली, खालून वर.
सातच.
कुणाला तरी सात रुपये दिले त्या दिवशी, धावपळीत,
आणि लिहायचं राहिलं.
गजरेवाली असेल. मांडवात हरवलेलं एखादं पोर असेल,
त्याला गप्प करायला काहीतरी.
लग्न तर लागलंच की.

आमच्यात याला सस्पेन्स खातं म्हणतात.
जुळत नाही ते तिथे ठेवायचं
आणि वर्ष बंद करायचं.
मी लोकांना रोज सांगते हे.

पातेल्याकडे पाहिलं तर
चौथ्या हिश्शाचा आठवा झालेला,
तळाला गुळगुळीत, काळपट, घोटभर.
गॅस बंद केला. प्यायले.
कडू म्हणजे किती कडू,
डोळे मिटूनच घ्यावे लागले.

माठात वाळा सोडला का, आठवत नाही.
कागद घडी करून फ्रीजवर ठेवला, एवढं आठवतं.
पावणेतीन वाजले असणार.
मी पाहिले नाहीत.