जर्मनचा साकव

ओढ्याची रुंदी तीन मीटर साठ.
पलीकडे नॉर्मन सगडन, वय एक्क्याऐंशी,
नऊ कोंबड्या, नुकता मोतीबिंदू काढलेला डोळा.
थेंब घालायचे मी, दिवसातून चारदा.
रस्त्याने गेलं तर अर्ध्या टॉडमर्डनला वळसा,
साकवावरून सात पावलं.
पण साकव गेला डिसेंबरात.
खालच्या मोरीत आडवा अडकला
आणि सटक्लिफबाईंच्या तळघरात पाणी भरलं.
कौन्सिलचं पत्र आलं: नवा घाला, मात्र
पुराचा इशारा आला की उचलून ठेवता आला पाहिजे.
कोणी उचलायचा, ते पत्रात नव्हतं.

नॉर्मनच्या शेडमध्ये लोखंडी तुळई आहे,
गिरणी पाडली तेव्हा मागून आणलेली,
तीस वर्षं ताडपत्रीखाली.
"ही घे, व्हिव, हत्ती जाईल हिच्यावरून."
(विभावरी त्याला लांब पडतं, मापात कापून घेतलंय.)
हत्ती कुठे जायचाय, नॉर्मन?
दोघांनी मिळून एक टोक धरलं.
टोक हललं नाही.
एकमेकांकडे न बघता
आम्ही चहा करायला गेलो.

मग मी वही काढली.
अॅल्युमिनियम: वजनाला लोखंडाचा तिसरा हिस्सा,
लवायला तिप्पट.
फुकट काही नाही.
पण तीच पट्टी कडेवर उभी करा, म्हणतं गणित.
उंची दुप्पट, ताठपणा आठपट.
शाळेत फूटपट्टीच्या कडेचा मार खाल्लाय मी,
हा धडा तेव्हाच हातावर होता,
वाचता आला नाही.

ब्रॅडफर्डचा धातूवाला.
शंभर बाय पन्नास, पोकळ, जाडी चार,
सव्वाचार मीटरचे दोन नग.
एक तिथेच खांद्यावर घेऊन पाहिला. तेरा किलो.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, दोन माणसं लागतात हो.
लागतात. असतीलच असं नाही.

वेल्ड नका करू, म्हणाला,
आगीने जोडलं की जोडाशेजारीच मऊ पडतं.
हे मला फार उशिरा सांगितलं गेलं.
मी नट-बोल्ट घेतले, नायलॉनच्या चकत्या,
सोडवता येतील असे.
आणि सिमेंटला टेकवू नका, खातं ते याला.
म्हणजे सिमेंट याला चुना लावतं!
भर दुकानात एकटीच हसले,
सांगणार कोणाला.
टेकूखाली जुन्या गमबुटांचे तळवे कापून घातले.

नॉर्मनने बोटाने टकटक केलं.
"हे तर पातेलं आहे."
आहेच. आमच्याकडे याला जर्मन म्हणतात.
आई त्यात चिंच घालू द्यायची नाही,
पाहुणे आले की जर्मन माळ्यावर.
"जर्मन?"
त्याचा बाप पंचेचाळीस साली परतला तो दोन बोटं कमी घेऊन.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.
"म्हणजे म्हातारपणी मी
जर्मनच्या खांद्यावरून तुझ्या दारी येणार,"
आणि हसला, डोळ्यातून पाणी येईस्तोवर.
पाणी नको डोळ्याला, मी ओरडले, अजून आठवडा आहे!

या काठापासून त्या काठाला दोरा ताणला,
रफूचा, निळा.
नॉर्मन मधोमध उभा राहिला, श्वास रोखून,
जणू श्वासालाही वजन असतं.
चार मिलिमीटर.
तो उतरला. तुळई परत दोऱ्याला येऊन भिडली.
पुन्हा उभं केलं त्याला. पुन्हा चार, पुन्हा परत.
तिसऱ्यांदा काही कारण नव्हतं.

फेब्रुवारीत, रात्री दोनला, फोन वाजला: इशारा.
आधी फळ्या, मग बोल्ट,
मग एकेक तुळई ओढली माझ्या काठावर,
टोक पाण्याला घासून गेलं.
पलीकडे नॉर्मन पायजम्यात, हातात टॉर्च.
उजेड माझ्यावर सोडून सगळीकडे पडत होता.

दुसरी उचलली तेव्हा ओढा
गमबुटांच्या तळव्यांवरून वाहायला लागला होता.
"व्हिव! थेंब?"
सकाळी!
"कसे?"
वळसा घालून.