अकरा अक्षरं

कोंद्रोझच्या टेकडीवरून रात्री दोनला फोन.
फिर्मांच्या गोठ्यात ती उभी, बल्बखाली, निळसर करडी,
डाव्या कुशीवर दोन जुने व्रण.
तिसरा मी त्यांच्या मधे काढते.

कातडीखाली चरबी नाहीच. कागदाएवढीही.
पातं थेट लाल मांसावर टेकतं
आणि फिर्मां म्हणतो, "बघ, सगळा माल!"

शरीरात एक बारीक आवाज असतो,
प्रत्येक स्नायूला वेळेवर "पुरे" म्हणणारा.
हिच्या घराण्यात त्या आवाजाच्या सूत्रातली
अकरा अक्षरं कधीतरी गळाली.
कुणी पुसली नाहीत. गळाली.
आपण फक्त त्या चुकीला वळू नेमून दिला,
मग वजनकाटा, मग प्रदर्शनातली रिबीन.

वासरू बाहेर. बावन्न किलो.
मांड्या अशा, की पोटात वर्षभर नांगर ओढत होतं.
आईच्या हाडांच्या दारातून हे आलंच नसतं;
दार तेवढंच राहिलं, येणारा थोरावला.

ज्युल्मा बाटलीत कोमट चीक आणते.
वासरू तोंड लावतं, सोडतं. पुन्हा लावतं.
जीभही स्नायूच ना,
तीही फुगलेली, ओठांत न मावणारी.

मी टाके घालत राहते.
ज्युल्मा बोटावरून थेंब थेंब
त्या जिभेच्या कडेने आत सोडते
आणि पुटपुटते,
वासराला, की मला, की फिर्मांला, कळत नाही:
"पुरे रे. पुरे आता."