सहा टिंबं

गावाचं नाव सांगत नाही. लोणंदवरून एसटीनं यायचं,
फाट्यावर उतरायचं, पुढं ओढ्यापर्यंत चालत.
नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी
ओढ्याच्या दोन्ही अंगांना बायका उभ्या राहतात
आणि एकमेकींना शिव्या घालतात. पूर्वापार.
हलगी कडाडते, तुतारी होते,
मधे गुडघाभर पाणी आणि चार पोलीस,
त्यातला एक तरी हसू दाबताना सापडतोच.

मी ग्रामपंचायतीत कारकून.
त्या वर्षी अनसाबाईचा आवाज सगळ्यांवर गेला.
हात नाचवत तिनं एक शब्द असा भिरकावला
की पलीकडची एक म्हातारी हसून हसून
पाण्यातच फतकल मारून बसली.
सरपंचांनी बोलावून लुगडं दिलं, हिरवं, इरकली.
व्हाउचर मीच केलं: सांस्कृतिक कार्यक्रम, किरकोळ खर्च.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डेअरीवर,
किटली परत देताना माप घेणाऱ्यानं
तिच्या सुवर्णाचा हात धरून ठेवला.
पहिल्यांदा नव्हे. रांगेतल्या पोरींना ठाऊक होतं,
किटली कडीला धरायची नाही, बुडाला धरून घ्यायची.
आयांनीच शिकवलेलं.
अनसाबाईनं तोच शब्द वापरला.
तोच. नवा शोधायला वेळ कुठं होता.
फक्त ह्या वेळी मधे ओढा नव्हता.

सांजच्याला बैठक. काल हसलेले सगळे हजर,
टोप्या सरळ करून.
बाईमाणसाला हे शोभतं का.
रांगेत बारकी पोरं होती, त्यांनी काय शिकायचं.
काल तीच पोरं बापांच्या खांद्यावर बसून ऐकत होती,
असं मी म्हटलं नाही. मी लिहीत होतो.

'सदर इसमाचा मुलीस हात लागला.'
मराठीत हात आपोआप लागतो,
जशी दृष्ट लागते, जसा ठसका लागतो.
लावणाऱ्याला वाक्यात यावं लागत नाही.
मग तिचं वाक्य आलं. त्यात कोण, कुणाला, काय
सगळं जागच्या जागी होतं, आणि शेवटी तो शब्द.
पेन थांबलं. सरकारी वही.
मी टिंबं दिली. सहा पडली.
शब्दाची अक्षरं चारच.
त्या दोन जादा टिंबांनी
तो होता त्याहून घाण दिसायला लागला.

ठराव: आठ दिवस तिचं दूध घेऊ नये. सर्वानुमते.
आठ दिवसांत तिचं वासरू गुबगुबीत झालं.
दिवाळीनंतर सुवर्णाचं लग्न उरकलं, फलटणकडं,
नववीतून काढून.
'उरकलं' हा शब्द कुणाला खटकला नाही.

परवा एक मुलगी आली, माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन.
आईचं नाव सुवर्णा. आजी ह्या उन्हाळ्यात गेली म्हणाली.
वही काढली. कडा वाळवीनं खाल्लेल्या,
टिंबं शाबूत.
'इथं काय होतं?' बोट ठेवून विचारलं तिनं.

सकाळचे अकरा. शिपाई, रहिवासी दाखल्याला आलेले दोघं,
भिंतीवर स्वच्छता अभियानाचा बोर्ड.
मी घसा खाकरला
आणि म्हणालो.
शिपायाच्या हातून बशीत चहा सांडला.
ती तशीच बघत राहिली, पुढं आणखी काही असेल म्हणून.

'एवढंच?'

'एवढंच.'

नक्कल दिली. तिनं माझंच पेन मागून घेतलं,
टेबलावर वाकून
टिंबांच्या डोक्यावर एकेक अक्षर बसवलं.
चार भरली. दोन मोकळी राहिली.
शिक्का मारताना तेवढं बघितलं मी,
की तो त्या दोन टिंबांवर येऊ नये.