त्रेसष्ट

शनिवारी नाइट शिफ्ट संपली की घरी जायच्या आधी
मी हेक्समच्या त्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरते.
लोकांनी दिलेली पुस्तकं, ओल्या कोटांचा वास,
गल्ल्यावर विनिफ्रेड, बोटांत लोकर गुंतलेली.

काही हलकं हवंय का, तिनं पहिल्यांदा विचारलं.
हलकं, पण पोकळ नको, मी म्हटलं.
विचार करायला लावेल, पण परीक्षा घेणार नाही.
हीटरला तळपाय टेकवून वाचता येईल, असं.
तिनं बागकाम आणि रेल्वे यांच्या मधला
दीड हात कप्पा दाखवला: तत्त्वज्ञान.

आमच्याकडे हा शब्द ओरडा खाण्याचा.
तत्त्वज्ञान नको पाजळूस, आधी दळण आण.
दळण आणताना मी विचार करायचे,
डबा तोच, वजन जवळपास तेच,
मग गहू नेमका कुठल्या क्षणी संपला?
हे कुणाला बोलले नाही.
गिरणीवाल्याला तर नाहीच.

पहिलं पुस्तक घेतलं ते विटेएवढं.
चौथ्या पानावर सुरू झालेलं वाक्य
सहाव्यावर क्रियापदाची वाट बघत ताटकळलेलं.
अकराव्या पानावर मला झोप लागली.
उठले तेव्हा गालावर पुठ्ठ्याच्या कडेचा वळ.
त्यानं माझ्यावर उमटवलं ते एवढंच.

दुसरं फार गोड.
दर प्रकरणाच्या शेवटी म्हणायचं, श्वास घ्या.
मी रात्रभर काचेआडून लोकांना हेच सांगते,
श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा,
आणि त्यांच्या बरगड्यांचा फोटो काढते.
त्यासाठी तीन पौंड कशाला?

तिसरं सापडलं रेल्वेच्या कप्प्यात,
कुणीतरी चुकीच्या फलाटावर सोडल्यासारखं.
पातळ. मागच्या बाजूला चहाच्या कपाचं कडं.
खुर्चीचा पाय मोडला तर कितव्या पायापर्यंत ती खुर्ची,
वचन दिलं तो माणूस वारला
तर वचन आता कुणाकडे असतं,
असली प्रकरणं. घासाएवढी वाक्यं.
आणि समासात पेन्सिल.

पान नऊ: खरंय.
पान बावीस: हे पटत नाही.
पान तेवीस: अजूनही नाही. शिवाय वाटाणे करपले.
पान एकेचाळीस: आईला विचारायला हवं होतं.

बाई की पुरुष, कळत नाही.
अक्षर तिरकं, घाई नसलेलं.
मी हळूहळू आधी समास वाचू लागले, मग मजकूर.
दोन आठवडे आम्ही असे जेवत होतो.

पान त्रेसष्ट: थांब, म्हणजे

बस. पुढे शहाण्णव पानं समास कोरे.
म्हणजे काय?
दारावर कुणी आलं? कंटाळा आला?
की तिथंच असं काही लख्ख दिसलं
की पुस्तक मिटावं लागलं?
विनिफ्रेडला विचारलं.
ती म्हणाली, लोक घरं रिकामी करतात तेव्हा खोकी येतात.
खोक्यांना नाव नसतं गं.

छत्तीसमध्ये आकडे एकमेकांकडे पाठ करून बसतात,
हे शाळेतलं.
मी पानाच्या कोपऱ्यात, छापील आकड्याखाली,
माझ्या अक्षरांत लिहून बघितलं: ६३.
समोरासमोर. मध्ये एक टेबल मावेल इतकी जागा.

मग त्या अर्ध्या वाक्याखाली
मराठीत लिहिलं, थांबलेय.
खरंच थांबले थोडा वेळ. खिडकीबाहेर कचऱ्याची गाडी
मागे येत राहिली, येत राहिली.
मग पान उलटलं.

चौसष्टवर वाटाण्यांचा विषय नव्हता.
तरी उठून
गॅस बघून आले.