नव्वद सेंटिमीटरच्या आत

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर
आखलाय मी आमचा रविवार.
पुढच्या बाजूचे दुधाचे खाडे
उलटे उमटलेत थोडेथोडे,
त्यांच्यावरूनच चाललंय माझं पेन:
सव्वासहा, खिचडी. तूप वेगळ्या डबीत.
सात, शालू उठेल.
(उठेल? की उठवावी?)
साडेआठला पाथर्डी फाटा.
नऊ, गेट.

सातपूरच्या लॅबमध्ये मी गोळ्या तपासते,
कुठली किती मिनिटांत विरघळली
ते वहीत मांडते,
खाडाखोड झाली तर बाजूला सही.
म्हणून वाटलं, हेही जमेल.
सव्वादोन वर्षांचं माणूस
आणि पाच एकराचं पार्क.

प्रणित अंबडहून नाईट करून आला,
बूट न काढता दारातच वाचत बसला कागद.
म्हणाला, सगळं आहे गं,
पण यात हसायची वेळ कुठे धरलीयस?
मी लिहिलं: नऊ पंचवीस, हसणे.
आणि बाजूला सही केली.

समोरच्या बोरसेताईंनी बजावलं,
पाण्यात फार नका ठेवू, कान धरतो.
मग कानटोपी. मग छत्री.
मग दोन फ्रॉक, तिसरा असू द्यावा म्हणून,
मग तो एका कानाचा ससा,
ज्याच्याशिवाय ती शी करत नाही.
पिशवी उचलली तेव्हा प्रणित म्हणाला,
हिच्यापेक्षा हिचं सामान जड.

आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी
ती झोपली.

झोप होती साडेबाराला,
कागदावर, दोनदा अधोरेखित.
विल्होळीच्या पुढे, पार्कच्या बाहेर,
निलगिरीच्या अर्ध्यामुर्ध्या सावलीत
आम्ही गाडीत बसून राहिलो तासभर,
एसी चालू, काचा बंद,
आतून येणाऱ्या किंकाळ्या ऐकत.
कुजबुजत खाल्ली तिची खिचडी.
खूप दिवसांनी बोललो आम्ही दोघं,
म्हणजे असं, कशाबद्दलच नाही.
नऊ पंचवीस कधी होऊन गेले
कळलं नाही.

गेटपाशी एक पत्र्याचा जिराफ.
त्याच्या मानेवर लाल रेघ:
याखाली असाल तर फुकट.
घरी दाराच्या चौकटीवर मी तीनदा मोजलेली,
एकोणनव्वद, एकोणनव्वद, आणि एकदा साडेएकोणनव्वद.
पण आज तिच्या डोक्यावर
मीच बांधलेलं कारंजं होतं,
पिवळ्या रबरातलं,
आणि ते रेघेच्या चांगलं वर.

वॉचमन म्हातारा. छातीवर बिल्ला, पी. के. गांगुर्डे.
त्याने तिकिटाच्या खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे,
आणि तळहाताने ते कारंजं
हळूच खाली दाबलं.
“केस धरत नाही आम्ही,” म्हणाला.

तिला ते इतकं आवडलं
की ती पुन्हा जाऊन उभी राहिली.
पुन्हा. ताठ. टाचा जिराफाला चिकटवून.
“मोद,” म्हणाली. मोज.
त्याने मोजलं.
आत लाटा होत्या, गोल फिरणारे कप होते,
छोट्यांचा तलाव होता गुडघाभर पाण्याचा,
ज्याला मी पंचेचाळीस मिनिटं दिली होती.
ती दर वेळी आतून पळत बाहेर येई, “मोद.”
गांगुर्डेबाबा रांग थांबवून
तिला मोजत राहिले,
दर वेळी तितकीच भरली
आणि दर वेळी दोघांनाही नवल.

येताना कागद सापडला पिशवीच्या तळाशी,
ओला, केळ्याला चिकटलेला.
शाई फुटून सात आणि नऊ एकमेकांत गेलेले.

कूपनवर अजून एक दिवस शिल्लक आहे,
दिवाळीच्या आत वापरायचा.
नवं पान घेतलंय.
त्यावर एवढंच लिहिलं, जिराफ,
आणि पेन तसंच हातात.
कारण दाराच्या चौकटीपाशी
आत्ता, झोपायच्या आधी,
ती पाठ टेकून उभी आहे,
केस मोकळे,
आणि मी पट्टी ठेवतेय
डोक्यावर,
अगदी हलकी,
दाबतेय की काय
ते माझं मलाच कळत नाही.